बार्न्स स्कूल, देवळाली : बारा मुलांची शाळा ते अडीचशे एकरांचा परिसर

[हवाई चित्रण : देवळालीचा माळ, झाडी, मैदाने आणि शाळेच्या इमारती]

मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला पोहोचली की हवा बदलल्याचे खिडकीतूनच जाणवते, आणि तिथून पुढे नाशिक रोडच्या अलीकडे देवळाली हे स्थानक लागते. लष्कराची छावणी, तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, आरोग्यभवने आणि कोरडी, निरोगी हवा ही या गावाची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. त्याच देवळालीत अडीचशे एकरांहून अधिक जागेवर वसलेली बार्न्स स्कूल ही शाळा मात्र जिल्ह्याबाहेरच्या अनेकांना केवळ नावापुरती माहीत असते. बालवर्गात आलेले मूल बारावी होऊन बाहेर पडेपर्यंत एकाच आवारात राहू, शिकू आणि खेळू शकेल, अशी सोय असलेल्या महाराष्ट्रातील जुन्या ख्रिस्ती शाळांपैकी ही एक आहे. देवळालीतील तिचे वय शंभर वर्षांचे असले, तरी तिची मुळे याहून दोन शतके मागे, मुंबईच्या फोर्टात आहेत.

[फोर्ट, मुंबई : सेंट थॉमस कथीड्रलचा मनोरा]

आज हॉर्निमन सर्कलजवळ उभे असलेले हे सेंट थॉमस कथीड्रल एके काळी नुसत्या अर्धवट भिंतींच्या रूपात उभे होते. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकिर्दीत, म्हणजे १६७० च्या दशकात, त्याचे काम सुरू झाले आणि मग रेंगाळले. पुढची सुमारे चाळीस वर्षे मुंबईतल्या इंग्रजांनी त्या भिंतींकडे पाहण्यापलीकडे फारसे काही केले नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मगुरू म्हणून रिचर्ड कॉब मुंबईत आला, त्याने वर्गणीसाठी तगादा लावला आणि १७१८ च्या नाताळात हे चर्च उपासनेसाठी खुले झाले. कॉबचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा या चर्चमुळे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. त्याच सुमारास, आजच्या कथीड्रलच्या मागच्या भागात, त्याने एक लहानशी मोफत शाळा सुरू केली. बारा गरीब मुलगे आणि त्यांना शिकवणारा एकच मास्तर, एवढाच तिचा पसारा होता. मात्र त्या बारा जणांच्या राहण्याची, जेवणाची आणि कपड्यांची जबाबदारीही शाळेनेच घेतली होती. म्हणजे या शाळेच्या परंपरेत वसतिगृह नंतर जोडले गेलेले नाही; ते पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर आहे. ज्या मुलांना घर नव्हते, किंवा असूनही नसल्यासारखे होते, त्यांच्यासाठी शाळा भरवायची तर आधी त्यांना घर द्यावे लागते, हे त्या काळी कुणालाही वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. ‘चॅरिटी स्कूल’ या नावाने ओळखली जाणारी ही शाळा पुढे जवळजवळ शंभर वर्षे लहान प्रमाणावर चालत राहिली.

[कथीड्रलचा अंतर्भाग, भिंतींवरील संगमरवरी स्मृतिशिला]

या संगमरवरी शिलांवरची नावे वाचत गेले की त्या मुंबईचे एक कठोर वास्तव समोर येते : तरुण वयात आलेले आणि तरुण वयातच गेलेले अधिकारी, खलाशी, सैनिक. त्यांच्यामागे राहिलेल्या मुलांची संख्या वाढत होती आणि कॉबची शाळा त्यांना पुरी पडत नव्हती. १८१३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला शिक्षणासाठी दरवर्षी किमान १ लाख रुपये बाजूला ठेवण्यास सांगितले आणि त्याच कायद्याने हिंदुस्थानासाठी एक बिशप व तीन आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्माधिकारी, नेमण्याची तरतूद केली. त्यांपैकी मुंबईचा पहिला आर्चडीकन म्हणून जॉर्ज बार्न्स येथे आला. त्याने शहरातील प्रतिष्ठितांची जाहीर सभा बोलावली, निधीचे आवाहन केले आणि २९ जानेवारी १८१५ रोजी एक संस्था स्थापन झाली. मुंबई सरकारच्या हद्दीतील गरिबांच्या शिक्षणाच्या प्रसारासाठी असलेली संस्था, अशा अर्थाचे तिचे लांबलचक मूळ नाव होते. पुढे ती ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कॉबची शाळा तिने आपल्याकडे घेतली आणि मुलामुलींची संख्या झपाट्याने वाढू लागली.

एवढ्या मुलांना मोजक्या शिक्षकांनी शिकवायचे कसे, हा प्रश्न त्या काळात सर्वत्र होता आणि त्यावर ‘मद्रास पद्धत’ नावाचे एक उत्तर सर्वत्र गाजत होते. अँड्र्यू बेल हा धर्मगुरू मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था पाहत असताना त्याने देशी शाळेतील मुलांना वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिले. आपल्या शाळेतही त्याने तोच प्रयोग केला आणि मोठ्या विद्यार्थ्यांकडून लहानांना शिकवून घेण्याची रीत बसवली. ज्यांच्या पणजोबांनी धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवली आणि पंतोजींच्या गैरहजेरीत वरच्या मुलाकडून पाढे म्हणून घेतले, त्या मराठी घरांना यात नवे काहीच वाटणार नाही. एक देशी रीत मद्रासहून इंग्लंडला गेली, तेथून पद्धत होऊन परत आली आणि कंपनीच्या शाळांमधून सन्मानाने नांदू लागली, ही गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही.

या सोसायटीचा मराठी शिक्षणाशीही थेट संबंध आहे आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण अशा शाळांकडे ‘त्यांच्या शाळा’ म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुढच्याच वर्षी माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या पाठिंब्याने सोसायटीने १८२० मध्ये देशी मुलांसाठी शाळा काढणे आणि देशी भाषांत पाठ्यपुस्तके तयार करणे यासाठी एक वेगळी समिती नेमली. हे काम इतके वाढले की १८२२ मध्ये ते मूळ सोसायटीपासून वेगळे काढण्यात आले, आणि त्यातूनच पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ उभी राहिली. सदाशिव काशीनाथ छत्रे आणि त्यांच्यानंतर बाळशास्त्री जांभेकर यांनी ज्या संस्थेत चिटणीसपदाचे काम केले, ती हीच. मराठी शालेय पुस्तकांची पहिली पिढी तिच्याच आश्रयाने तयार झाली. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये पद सोडून निघाला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ जो निधी जमला, त्यातून पुढे एल्फिन्स्टन संस्थेचा जन्म झाला. एकाच खोडाच्या या दोन फांद्या : एक मराठी-गुजराती शाळांकडे आणि पुढे महाविद्यालयाकडे गेली, दुसरी भायखळ्याला गेली.

[भायखळा : ख्राइस्ट चर्च, रस्त्यावरील वाहतूक, शाळेचे फाटक]

सरकारने दिलेल्या जागेवर सोसायटीच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि १८२५ मध्ये शाळा भायखळ्याला आली. फोर्टाच्या तटबंदीतून बाहेर पडलेल्यांना त्या काळचे भायखळे म्हणजे बागा, बंगले आणि मोकळी हवा वाटत असे. येथे निवासी विद्यार्थ्यांबरोबरच रोज घरून येणारी मुलेही दाखल होऊ लागली. शाळेला लागूनच, तिच्या सुरुवातीच्या आश्रयदात्यांच्या स्मरणार्थ, ख्राइस्ट चर्च बांधण्यात आले आणि १८३५ मध्ये त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले. शाळेचे उपासनामंदिर म्हणूनच त्याची व्यवस्था लावण्यात आली होती. भव्य खांबांचे हे चर्च आजही उपासनेसाठी वापरात आहे.

त्यानंतरच्या नव्वद वर्षांत भायखळे ओळखू येऊ नये इतके बदलले. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी येथूनच धडधडत गेली. मागोमाग कापडाच्या गिरण्या आल्या, चाळी आल्या, धूर आला आणि १८९६ मध्ये प्लेगही आला. बागांचे उपनगर शहराच्या पोटात गेले. खेळायला जागा नाही आणि घ्यायला चांगली हवा नाही अशा ठिकाणी शेकडो मुलांचे वसतिगृह चालवणे कठीण होत गेले, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सोसायटीने निवासी विभाग मुंबईबाहेर हलवण्याचे ठरवले.

[कसारा घाट : बोगदे, मागून इंजिन लावलेली गाडी]

देवळालीची निवड कशी सुचली असेल, हे या घाटातून प्रवास करताना समजते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाटातील, म्हणजे याच कसारा घाटातील, मार्ग १८६५ मध्ये पूर्ण झाला होता. ३७ फुटांना १ फूट अशी चढण असल्याने गाड्यांना येथे आजही मागून जादा इंजिनांचा जोर लावावा लागतो. या मार्गामुळे मुंबई ते देवळाली हा प्रवास शाळकरी मुलांनाही झेपेल असा झाला होता. शिवाय त्या काळी रेल्वेच्या नोकरीत अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय पितृवंशाची पण भारतातच वसलेली, कुटुंबे मोठ्या संख्येने होती. इगतपुरी, मनमाड, भुसावळ अशा रेल्वेच्या गावांत सतत बदल्या होणाऱ्या ड्रायव्हर-गार्डांच्या मुलांसाठी लोहमार्गाला लागून असलेली निवासी शाळा हीच सर्वांत सोयीची शाळा होती.

सरकारी अनुदान आणि भायखळ्याच्या मालमत्तेच्या विक्रीतून आलेली रक्कम यांच्या बळावर देवळालीतील अडीचशे एकरांहून अधिक जमीन घेण्यात आली. पडद्यावर दिसत असलेल्या एव्हान्स हॉलची कोनशिला नोव्हेंबर १९२३ मध्ये बसवली गेली. २९ जानेवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते शाळेचे रीतसर उद्घाटन झाले. ही तारीख योगायोगाची नव्हे. सोसायटीच्या स्थापनेला त्या दिवशी बरोबर ११० वर्षे पूर्ण होत होती. ज्या आर्चडीकनने ती सभा बोलावली होती, त्याचेच नाव नव्या शाळेला देण्यात आले. भायखळ्याच्या उरलेल्या जागेत दिवसाची शाळा ख्राइस्ट चर्च स्कूल या नावाने चालू राहिली.

आरंभीची काही वर्षे देवळालीत केवळ निवासी मुले होती, आणि तीही युरोपियन, अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती घरांतली. परंतु देवळाली-नाशिकमधील पालकांनी आपल्या मुलांना दिवसा येऊ देण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली. त्यानंतर फार काळ न लोटता इतर धर्मांची आणि जातींची मुलेही शाळेत दिसू लागली. हे दार असे हळूहळू उघडत गेले, आणि एकदा ते बंद करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तो शाळेने नव्हे, सरकारने केला.

[जुन्या निकालपत्राची पाने]

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई राज्य सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. या आदेशापूर्वी बार्न्स हायस्कूलमध्ये ४०० हून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांतले साधारण निम्मे अँग्लो-इंडियन नसलेल्या समाजांतले होते. आदेशामुळे ज्यांच्या मुलांना प्रवेश नाकारावा लागला अशा पालकांपैकी एक भारतीय ख्रिस्ती होते, दुसरे गुजराती हिंदू. ते दोघे आणि बॉम्बे एज्युकेशन सोसायटी असे तिघेही मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने १५ फेब्रुवारी १९५४ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ मे १९५४ रोजी तेथेही हरले.

न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी लिहिलेल्या या निकालातील दोन मुद्दे समजून घेण्यासारखे आहेत. राष्ट्रभाषेचा प्रसार व्हावा हा आपला हेतू आहे, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की हेतू कितीही चांगला असला, तरी मुलाला प्रवेश नाकारण्याचे प्रत्यक्ष कारण जर भाषा हेच असेल, तर राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड त्याच्या आड येतो. अनुदान घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांमुळे कोणत्याही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. दुसरा मुद्दा ३३७ व्या अनुच्छेदाचा. अँग्लो-इंडियन शाळांना राज्यघटना लागू झाल्यापासून दहा वर्षे विशेष अनुदान मिळावे, मात्र ते दर तीन वर्षांनी घटत जावे आणि त्या शाळांनी दरवर्षीचे किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले ठेवावेत, अशी ती तरतूद होती. म्हणजे घटना ज्यांना इतरांसाठी दार उघडायला सांगत होती, त्यांनाच सरकार ते लावायला सांगत होते. ‘मुंबई राज्य विरुद्ध बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासाला असतो, पण तो देवळालीच्या माळावर उभा राहिला हे नाशिककरांना क्वचितच ठाऊक असते. मराठी माध्यमाचा आग्रह धरणाऱ्यांनीही, आणि त्यात या निवेदनाचा लेखकही आला, तो निकाल एकदा सावकाश वाचावा.

[सकाळ : घंटा, रांगा, मैदानावरील कवायत]

निवासी शाळेचा दिवस घंटेवर चालतो. उठण्याची घंटा, कवायत, न्याहारी, सकाळची सभा, तास, जेवण, पुन्हा तास, संध्याकाळचे खेळ, त्यानंतर मुलांच्या भाषेत ‘प्रेप’ म्हणजे देखरेखीखालचा अभ्यास, आणि ठरल्या वेळी दिवे बंद. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेळापत्रक कडक वाटते. आत राहिलेले माजी विद्यार्थी मात्र बहुधा त्याच्याविषयीच सर्वांत आपुलकीने बोलतात. मुलगे आणि मुली यांची राहण्याची व्यवस्था स्वतंत्र आहे. लहानांच्या डॉर्मिटरीत मेट्रनचा शब्द अखेरचा असतो : गादीवरची चादर नीट घातली का, बुटांना पॉलिश झाले का, घरी पत्र लिहिले का, हे सारे तिच्या नजरेखालून जाते. ताप आलेल्या मुलासाठी वेगळी खोली असणे, रात्री घाबरून उठलेल्याजवळ कुणीतरी बसणे, या गोष्टी शाळेच्या माहितीपत्रकात मावत नाहीत, पण पालक निवासी शाळा निवडतो तो त्यांच्याच भरवशावर.

सकाळच्या सभेत प्रार्थना, स्तोत्रगायन आणि बायबलमधील उताऱ्याचे वाचन असते. शाळेची परंपरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, आहे. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतातील अँग्लिकन व इतर काही चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, आणि या परंपरेतील चर्चेसचा पुढचा प्रवास त्याच छत्राखाली झाला. आज बाकांवर बसलेल्या मुलांत ख्रिस्ती मुलांबरोबर इतर सर्व धर्मांची मुले आहेत, आणि तीच स्तोत्रे सगळे सारख्याच मोठ्या आवाजात म्हणतात; सुरात म्हणतात असे मात्र खात्रीने सांगता येत नाही.

[प्रयोगशाळा, ग्रंथालय, फुटबॉलचे मैदान, धावण्याची शर्यत]

अभ्यासक्रम १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘कौन्सिल फॉर द इंडियन स्कूल सर्टिफिकेट एक्झामिनेशन्स’ या मंडळाचा आहे. त्यापूर्वी अशा शाळांतील मुले केंब्रिजची परीक्षा देत आणि त्यांच्या उत्तरपत्रिका समुद्रापार तपासायला जात. आता दहावीला आयसीएसई होते. तिच्यात समाजोपयोगी उत्पादक कामाला स्वतंत्र श्रेणी असते, आणि एवढी जमीन हाताशी असलेल्या शाळेत झाड लावणे किंवा वाफे तयार करणे यासाठी वर्गाबाहेर फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्यानुसार पहिली ते दहावी मराठीचे शिक्षण सर्व मंडळांच्या शाळांना बंधनकारक झाले असून येथील मुलेही मराठी शिकतात.

या सुविधांचे खरे मोल जागेत आहे. शहरातील शाळा एका मैदानावर फुटबॉल, क्रिकेट, हॉकी आणि वार्षिक कवायत असे सगळे वेळा वाटून उरकते. येथे लहान मुलांचा खेळ मोठ्यांच्या सामन्यासाठी थांबवावा लागत नाही. हाउसेसमधील, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या गटांमधील, स्पर्धा हा निवासी शाळेचा प्राण असतो, आणि हाउसचा फलक उंचावण्यासाठी संध्याकाळी धावण्याचा सराव करणारी ही मुले पाहिली की भायखळ्याचे आवार सोडण्याचा शंभर वर्षांपूर्वीचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता हे वेगळे सांगावे लागत नाही. नाशिकच्या वाढत्या शहराने देवळालीच्या आसपासची मोकळी जमीन वेगाने गिळायला सुरुवात केली असताना हे रान, ही मैदाने आणि ही झाडे अखंड ठेवणे ही आता शाळेच्या व्यवस्थापनाची सर्वांत मोठी जबाबदारी आहे, असे आम्हांला वाटते.

बारावीपर्यंतच्या वर्गांमुळे आणखी एक गोष्ट साधते. महाराष्ट्रात दहावीनंतर मूल शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जाते. अकरावीचे प्रवेश, नवे गाव, नवे मित्र आणि शिकवणीचे वर्ग यांतच त्याची दोन वर्षे कधी संपतात ते त्याला कळत नाही. येथे सोळा-सतरा वर्षांचे मूल त्याला बालवर्गापासून ओळखणाऱ्या आवारातच राहते, प्रिफेक्ट होते, लहानांच्या रांगा लावते, त्यांचा प्रेप घेते. बेलच्या मद्रास पद्धतीतला मोठा विद्यार्थी या रूपाने अजून कामावर आहे, असे म्हणायला हरकत नाही.

[संस्थापक दिनाचे संचलन]

स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला गेली, शिक्षकही गेले, विशेष अनुदानाची मुदत संपली आणि शाळा मुख्यतः पालकांच्या फीवर चालू लागली. संस्थापक दिन मात्र २९ जानेवारी हाच राहिला. २०२५ मध्ये त्याच तारखेला देवळालीतील शाळेला शंभर वर्षे पूर्ण झाली. भायखळ्याची ख्राइस्ट चर्च स्कूल आजही चालू आहे, आणि या दोन्ही शाळा बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्याच आहेत.